फक्त ओलं व्हायचं राहिलंय

आमच्या चर्चात दर रविवारी दाराशी दोन तांबे भरून ठेवतात. एक प्यायचा, एक नुसता झाकलेला. मागच्या वर्षी नवे पाळक आले. तरुण आहेत, पोरगेलेच. त्यांनी विचारलं, "आजी, एक तांब्या पुरे की. दुसरा कशाला?" मी म्हटलं, "बसा, सांगते." ते घड्याळाकडं बघतच बसले. सांगून झालं तेव्हा म्हणाले, "हे लिहून ठेवा, आजी. तुमच्यामागं कोण सांगणार?" मरणाची आठवण इतकी गोड बोलून करून दिल्यावर लिहावंच लागतं.

दुसरा तांब्या केवळाबाईचा आहे.

शिरूर अनंतपाळपासून चार कोसावर आमचं गाव. गावात ख्रिस्ती घरं पाच. चर्च म्हणजे दोन खणांची पत्र्याची खोली. केवळाबाईचं घर माझ्या घराला लागून, मधली भिंत एकच. तिच्या घरी भाकरी थापली की माझ्या घरी आवाज यायचा. ती माझ्यासारखी जन्मानं ख्रिस्ती नव्हती. माझ्या डोक्यावर बाप्तिस्म्याचं पाणी पडलं तेव्हा मी दीड महिन्याची होते आणि म्हणे झोपले होते. मला त्याचं काही मोल वाटलं नव्हतं. ती मात्र स्वतःच्या पायानं आली.

एकदा तिला मोठा ताप आला. माझी सासू नऊ दिवस तिच्या उशाशी बसून प्रार्थना करत होती. दहाव्या दिवशी केवळाबाई उठून बसली, पेज प्याली आणि म्हणाली, "आत्या, तुम्ही कुणाशी बोलून राहिल्या होत्या? मला वाटलं दारात कुणीतरी उभं हाय." पुढच्या रविवारी ती चर्चात येऊन मागं बसली आणि नंतर चर्च सोडून कधी गेलीच नाही. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण वर्षभरात प्रभूची प्रार्थना पाठ, दहा आज्ञा पाठ. सातवी आणि आठवी आज्ञा, व्यभिचाराची आणि चोरीची, तेवढी उलटसुलट व्हायची. 'चुकवलीस' असं मी म्हटलं की म्हणायची, "दोन्ही करायचं न्हाई ना? मग आधी काय अन् मागं काय."

राहिला होता बाप्तिस्मा. तिला तो आपल्या गावात, सगळ्यांसमोर घ्यायचा होता. त्यालाही कारण होतं. तिचा नवरा दगडोबा शिद्रामप्पाच्या दुकानावर हमाली करायचा. मोठा थट्टेखोर माणूस. तो ख्रिस्ती नव्हता, पुढंही झाला नाही. पण त्यानं तिला अडवलं नाही. एवढंच म्हणाला, "घ्यायचा तर घे. पण गावात घे, सगळ्यादेखत. उदगीरला जाऊन चोरून घेतला असं उद्या कुणी म्हणायचं न्हाई." केवळाबाईनं त्याला शब्द दिला. त्यामुळं उदगीरचं मोठं चर्च तिला बंद झालं.

तेव्हा किशनराव पाळक सायकलवरून तीन महिन्यांतून एकदा आमच्याकडं यायचे. त्यांनी बाप्तिस्म्याचा रविवार धरून दिला. होळी होऊन गेली होती. बहात्तरच्या दुष्काळाचा तो सगळ्यात वाईट उन्हाळा. आम्ही बायका शिरूरच्या रस्त्यावर दुष्काळी कामाला, दिवसभर खडी फोडायची. रेशनची तांबडी मिलो ज्वारी खायची, ती भाकरी ताटात असली तरी भाकरी वाटायची नाही. विहिरींच्या तळाला चिखलसुद्धा वाळला होता. आठवड्यातून दोनदा टँकर यायचा आणि घराला दोन घागरी मिळायच्या.

केवळाबाईनं त्यातून तीन दिवसांत एक तांब्या साठवला. नवऱ्याच्या वाट्याचं घेतलं नाही, लेकाच्या वाट्याचं घेतलं नाही. स्वतः प्यायचं तेच कमी प्याली. तांब्या राखेनं घासून सोन्यासारखा केला, त्यात पाणी भरलं, वर धुतलेला रुमाल टाकला आणि चर्चातल्या मेजावर नेऊन ठेवला. मग आम्ही सगळे बाहेर लिंबाखाली पाळकांची वाट बघत बसलो.

पाळक आले ते मागच्या बाजूनं. वाटेत सायकल पंक्चर झाली होती, शेवटचे दीड कोस ती ढकलत आणली. आम्ही दिसलो नाही म्हणून थेट आत गेले पिशवी ठेवायला. मेजावर झाकलेला तांब्या. आता आपल्याकडं आलेल्या माणसाला, तो कोण कुठला हे विचारायच्या आधी, पाणी देतात. त्यांना वाटलं, बिचाऱ्यांनी माझ्यासाठी ठेवलंय. आम्ही दाराशी पोचलो तेव्हा ते मान मागं टाकून, तांब्या वर धरून, घटाघटा पीत होते. शेवटचा थेंबसुद्धा झटकून प्याले. तोंड पुसून म्हणाले, "देव तुमचं भलं करो. असं गार पाणी ह्या दुष्काळात मला कुठंच मिळालं न्हाई."

 दगडोबा दाराशी उभा होता, त्याला हसू आवरेना म्हणून तो बाहेर गेला. केवळाबाई पुढं झाली आणि म्हणाली, "आजून पाहिजे का, पाळकसाहेब?" आजून कुठलं? थेंब नव्हता.

"नको, बस झालं," ते म्हणाले. "बाप्तिस्म्याचं पाणी कुठं ठेवलंय?"

आम्ही सगळ्यांनी त्यांच्या हातातल्या तांब्याकडं बघितलं. मग त्यांनीही बघितलं, आतसुद्धा बघितलं. 

माझ्या घरात अर्धी घागर होती. ओंजळभर पाण्यानं काम झालं असतं. मी उठले, तर केवळाबाईनं माझा पदर धरला. "बस खाली सरजे. तुझ्या लेकरांच्या तोंडचं पाणी माझ्या डोक्यावर नको." पाळकांच्या डोळ्यांत पाणी आलं. तेवढंच काय ते त्या दिवशी चर्चात शिल्लक होतं. ते म्हणाले, "बाई, पुढच्या महिन्यात मी स्वतः पाणी घेऊन येतो."

"त्यात काय एवढं?" केवळाबाई म्हणाली. "पाणी कशाला असतंय? तहानलेल्या माणसानं प्यायलाच की."

पुढच्या महिन्यात पाळक आले नाहीत. त्यांची बदली झाली, पार तिकडं नांदेडच्या पुढं मुदखेडला. तिथून त्यांचं कार्ड आलं. मंडळीत वाचता येणारी मी एकटी, दुसरी पास. मी अक्षरावर बोट ठेवत वाचलं. जिल्ह्याची नवी आखणी चालू आहे, नवा जिल्हा होताच तुमच्या गावाला पाळक मिळेल, तोवर विश्वासात टिकून राहा, असं काहीसं होतं. केवळाबाईनं विचारलं, "नवा जिल्हा म्हंजे?" मी म्हटलं, "कलेक्टरचा. आपला उस्मानाबाद मोडून दुसरा करणार असतील." मला जिल्हा म्हणजे कलेक्टर एवढंच ठाऊक होतं. तिनं मान हलवली आणि त्या दिवसापासून नव्या जिल्ह्याची वाट बघायला लागली.

पुढच्याच रविवारी तिनं दोन तांबे आणले. म्हणाली, "एक त्यांच्या तोंडाला, एक माझ्या डोक्याला. परत चूक नको."

दुष्काळ सरला, पाऊस आला, विहिरी भरल्या. तांबे येत राहिले. उपासना झाली की झाकलेल्या तांब्यातलं पाणी ती चर्चाजवळच्या जास्वंदीला घालायची. जास्वंद मोठी झाली असती, असं लिहायला मला बरं वाटलं असतं, पण शिद्रामप्पाच्या शेळीनं ती तीनदा खाल्ली. दर रविवारी घरी गेली की दगडोबा खाटेवरून विचारायचा, "झाली का ओली?" ती म्हणायची, "आज न्हाई." त्यात ना त्याचा टोमणा असायचा, ना तिचा राग. जेवायला वाढू का, हाव वाढ, तसंच ते झालं होतं.

गावात कुणी विचारलं, तू ख्रिस्ती झालीस का गं, तर तिचं उत्तर ठरलेलं, "झाले की. फक्त ओलं व्हायचं राहिलंय."

तिचा जीव त्यात किती अडकला होता ते मला भिंतीपलीकडून कळायचं. रोज संध्याकाळी झाकट पडताना, चुलीपाशी, ती प्रार्थना करायची. प्रार्थना कसली, बोलणंच. सुनेचं सांगायची, गुडघ्याचं सांगायची आणि शेवटी, "ते तेवढं ध्यानात हाय ना?" एकदा मी तिला धीर द्यायला म्हटलं, "केवळे, क्रूसावर प्रभूच्या शेजारी तो चोर होता, त्याला कुणी पाणी घातलं होतं? तरी गेलाच ना स्वर्गात?" ती म्हणाली, "त्याची गोष्ट येगळी. तो मरून राहिला होता, त्याला येळ नव्हता. मला हाय."

आता माझं सांगते. अठ्ठ्याहत्तरच्या नाताळाला एक प्रचारक आले होते. प्रचारकांना बाप्तिस्मा द्यायचा अधिकार नव्हता, नाहीतर तेव्हाच झालं असतं. जेवताना मी त्यांना विचारलं, "साहेब, नवा जिल्हा कधी होणार?" ते म्हणाले, "कोणता? मंडळीचा? तो तर तीन वर्षांमागंच झाला बाई. तुमचं गाव बहुतेक जुन्या-नव्या दोन्ही याद्यांतून राहून गेलंय."

हातातला घास हातातच राहिला. कार्डातला जिल्हा मंडळीचा, म्हणजे पाळकांना वाटून दिलेल्या गावांचा होता. पाळकांनी बरोबर लिहिलं होतं, मी चुकीचं वाचलं होतं. केवळाबाई साडेपाच वर्षं माझ्या दुसरीच्या वाचनावर बसून होती.

मी तिला सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू करत राहिले. तिनं तांबे घेऊन यावं आणि मी तोंड वळवून पवित्र शास्त्र उघडावं. एकदा, तिचा लेक बायकोला घेऊन लातूरला राहायला गेला त्या दिवसांत, ती एकच तांब्या घेऊन आली. मी बघितलं तर म्हणाली, "आज दुसरा उचलवत न्हाई सरजे." मी घरी गेले, माझा तांब्या भरून आणला आणि तिच्या तांब्याशेजारी ठेवला. ती बराच वेळ बघत राहिली. मग कमरेचा रुमाल काढला आणि त्याच्यावर झाकला. त्या दिवशी सांगायला पाहिजे होतं. पण ज्या बाईनं नुकता रुमाल झाकला तिला कसं सांगावं?

ब्याऐंशीच्या पावसाळ्यात खरंच बातमी आली. लातूर जिल्हा होणार, आपलं गाव त्यात जाणार. शिद्रामप्पानं दुकानासमोर रेडिओ मोठा करून ठेवला. केवळाबाई तेल आणायला गेली तर त्यानं आपल्या कानडी वळणानं 'ये ये' अशी हाक मारली, "बा केवळाबाई, बा. तुझा जिल्हा आला बघ. आता तुझा साहेब येतोय का न्हाई?"

"येणार की अप्पा," ती म्हणाली. "तुम्ही तेवढी शेळी बांधून ठेवा."

पंधरा ऑगस्ट त्या वर्षी रविवारीच आला. त्याच्या आधी चार दिवस तिनं चर्चाला चुना दिला, आतून सारवलं, दगडोबाला पत्र्यावर चढवून भोकं बुजवायला लावली. तो वरून म्हणत होता, "बाप्तिस्मा तुझा अन् घाम माझा." रविवारी सकाळी ती पांढरं लुगडं नेसून आली, दोन्ही तांबे ठेवले आणि दारात बसली. शाळेत झेंडा झाला, पोरांना गोळ्या वाटल्या, शिद्रामप्पानं पेढे वाटले. आमची उपासना झाली, माणसं घरी गेली. ती बसून राहिली. चारच्या सुमारास शाळेच्या पाटीवरचं 'उस्मानाबाद' पुसून 'लातूर' लिहायला एक पेंटर पिशवी घेऊन आला. पांढरा सदरा, हातात पिशवी. केवळाबाई उठून उभी राहिली. तो शाळेकडं वळला तशी परत बसली.

मला ते बघवेना. मी तिच्या शेजारी जाऊन बसले आणि सगळं सांगून टाकलं. कार्डाचं, प्रचारकाचं, चार वर्षांच्या माझ्या गप्प बसण्याचं. बोलताना तिच्याकडं बघायची हिंमत नव्हती. मी तांब्याकडं बघून बोलले.

तिनं बोटांवर वर्षं मोजली. मग म्हणाली, "म्हंजे जिल्हा सात वर्षांमागंच झालता."

"हाव."

"अन् तुला चार वर्षं ठावं होतं."

"हाव."

"म्हणून तू माझ्याशी बोलताना चपलाकडं बघत होतीस. मला वाटलं माझ्या पायाला काही झालंय." तिनं पदरानं तोंड पुसलं. मी रडत होते, तिचं रडून झालं होतं का काय मला कळलं नाही. मग तिनं विचारलं, "सरजे, त्यांच्या कार्डाला आपण काय जवाब दिलता?"

मी म्हटलं, "जवाब? पाळकांना आपण कसं लिहावं? ते सांगतेत, आपण ऐकायचं."

"म्हंजे साडेनऊ वर्षं आपण त्यांची वाट बघितली अन् बघून राहिलोय हे त्यांना कुणी सांगितलंच न्हाई." ती हसायला लागली. आधी हळू, मग पोट धरून. "मी देवाला रोज सांगून राहिले, ध्यानात हाय ना, ध्यानात हाय ना. त्यानं तरी काय करावं? पोष्टमन शेजारी, वाचणारी शेजारी, अन् आम्ही दोघी तांबे भरून राहिलोत."

सोमवारी मी कार्ड आणलं. जन्मात पहिल्यांदा कुणाला पत्र लिहिलं. ती सांगायला बसली तेव्हा खूप सांगणार असं वाटलं होतं, पण तिनं एवढंच लिहायला लावलं: पाणी भरून ठेवलेले आहे. आपण येणे. केवळाबाई. पत्ता नीट ठाऊक नव्हता म्हणून लिहिलं, किशनराव पाळक, मुक्काम मुदखेड, जिल्हा नांदेड, स्टेशनाजवळ विचारणे. आमच्या जिल्ह्याच्या जागी मी आधी उस्मानाबाद लिहिलं, मग खोडून लातूर केलं.

मधले तीन रविवार गेले. ते तीन तिला साडेनऊ वर्षांपेक्षा जड गेले. "आधी नुसती वाट बघत होते," ती म्हणायची, "आता बोलावून बघून राहिले. बोलावल्यावर न्हाई आलं तर?" दगडोबानंसुद्धा त्या दिवसांत विचारणं बंद केलं.

चौथ्या रविवारी शिरूरकडून एक म्हातारे काठी टेकत आले. बरोबर जावई, त्याच्या हातात पांढरा प्लॅस्टिकचा कॅन. दगडोबा लिंबाखाली होता. त्यानं ओळखलं, पण सोडील कसा? "रामराम पाळकसाहेब. रॉकेल आणलं का?"

"पाणी हाय," किशनराव पाळक म्हणाले. "मी शब्द दिला होता."

आत आल्यावर ते खुर्चीवर बसले आणि दम खात राहिले. त्यांची नोकरी संपली होती, लेकीजवळ मुदखेडलाच राहत होते. म्हणाले, "बाई, मला वाटलं माझ्यामागं आलेल्या पाळकानं तुमचा बाप्तिस्मा केला असेल. कुणी आलंच न्हाई हे मला तुमच्या कार्डानं कळलं. चौकशी मीच करायची होती. माफ करा." मग म्हणाले, "त्या दिवसापासून मी कुणाच्याही घरी गेलो तर विचारतो, हे पाणी प्यायचं हाय का? लोकांना वाटतं पाळक सोवळं पाळून राहिलाय."

केवळाबाईनं डावीकडचा तांब्या उचलून त्यांच्यापुढं केला.

त्यांनी तो हातात घेतला, आत बघितलं, झाकलेल्या तांब्याकडं बघितलं. "हे प्यायचं हाय का?"

"हाव. ते प्यायचं," ती म्हणाली. "हे माझं."

ते सावकाश प्याले. आम्ही सगळे बघत होतो, जणू कुणी पाणी पिताना आम्ही कधी बघितलंच नव्हतं. मग जावयानं कॅन पुढं केला, तर केवळाबाई म्हणाली, "ते इतक्या लांबून आणलंय, सगळ्यांना घोट घोट द्या. माझ्या डोक्याला माझ्या विहिरीचं बास." मुदखेडच्या स्टेशनच्या नळाचं पाणी आम्ही सगळे प्यालो. कोमट होतं आणि प्लॅस्टिकचा वास होता.

ती गुडघे टेकून बसली. दगडोबा दारात उभा राहिला, टोपी हातात घेऊन. पाळकांनी तिला प्रश्न विचारले, तिनं उत्तरं दिली, आज्ञासुद्धा म्हणून दाखवल्या, कुणी विचारल्या नव्हत्या तरी. सातवी-आठवी उलटीच आली. मग पाळकांनी तांब्यावरचा रुमाल काढला, ओंजळ भरली आणि तिच्या डोक्यावर धरली. म्हाताऱ्या बोटांच्या फटींतून अर्धं पाणी आधीच गळत होतं. ती डोळे मिटूनच हळूच म्हणाली, "हात आखडू नका पाळकसाहेब. लई हाय." त्यांनी पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं ओंजळी टाकल्या आणि उरलेला तांब्या तसाच तिच्या डोक्यावर पालथा केला. पांढरं लुगडं खांद्यापर्यंत भिजलं. मी जन्मानं ख्रिस्ती, पण बाप्तिस्मा काय असतो ते मी त्या दिवशी बघितलं.

दगडोबानं त्या रविवारी काही विचारलं नाही. तो तिच्यापुढं चार पावलं टाकून घराकडं चालायला लागला, आणि मी तिच्या बाजूनं. मी म्हटलं, "केवळे, डोकं तरी पूस, सर्दी होईल." तिनं ऐकलं नाही. केसांतून पाणी गळत होतं, तसंच ती बाजाराच्या रस्त्यानं निघाली, मुद्दाम लांबच्या वाटेनं.

शिद्रामप्पा दुकानात बसला होता. वर आभाळ कोरडं ठणठणीत होतं. त्यानं आभाळाकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं.

"काय गं केवळाबाई, पाऊस झाला का कुठं?"

"हाव अप्पा," ती म्हणाली. "आमच्याकडं झाला."